समुद्रालगतच्या जुन्या घरावर कौले, पत्रा की स्लॅब?

जांभाचिरा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. दापोली तालुक्यात समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या असून मातीत रचलेल्या आहेत. वर मंगलोरी कौले आणि मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात एका पाख्याची कौले उडाली, ती त्या वेळी बदलून घेतली. परंतु आता वाशांना वाळवी लागल्यामुळे संपूर्ण छप्परच उतरवावे लागणार आहे. घरात आईवडील बारमाही राहतात आणि दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. वानरांमुळे दर वर्षी कौले फुटतात आणि पावसाळ्यापूर्वी शाकारणीला माणूस मिळत नाही. गावात बहुतेकांनी रंगीत पत्रे घातले आहेत, नातेवाईक स्लॅबचा आग्रह धरतात, आणि आईला मात्र कौलेच हवी आहेत, कारण वैशाखातही माजघरात दुपारी बसवते ते कौलांमुळे, असे तिचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बांधकाम_रत्नागिरी

स्लॅबचा विचार आधी बाजूला ठेवावा. पाच इंची काँक्रीट स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जाते. मंगलोरी कौलांचे तेवढ्याच जागेवर सुमारे चाळीस किलो, तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे पाच किलोंच्या आसपास असते. मातीत रचलेल्या भिंतींवर स्लॅब टाकायचा तर स्वतंत्र पाया घेऊन खांब उभे करावे लागतील, म्हणजे ते नवे घरच झाले. शिवाय कोकणच्या पावसात सपाट स्लॅब काही वर्षांत झिरपू लागतो आणि त्यावर पुन्हा पत्र्याची शेड घालावी लागते, हे आपण गावोगावी पाहतच आहात.

पत्रा हलका आहे हा त्याचा गुण, आणि वादळात तोच त्याचा दोष. वारा छपरावरून वाहतो तेव्हा पत्र्याला वर ओढतो, आणि हा ताण कडा, कोपरे आणि आढ्याजवळ सर्वांत जास्त असतो. पडवी उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. म्हणून पत्रा कोणत्या कंपनीचा, यापेक्षा तो कशाला आणि कसा बांधला आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा घ्यावा, त्यात बोल्ट गाडावेत आणि छपराचा सांगाडा त्या बोल्टना आवळावा. कडेच्या ओळींत स्क्रू जवळजवळ असावेत आणि वळचण भिंतीबाहेर फार लांब काढू नये. सांगाडा भिंतीवर नुसता टेकवलेला असेल, तर स्क्रू कितीही चांगले असले तरी पत्र्यासकट सगळे छप्पर उचलले जाते.

समुद्र इतका जवळ असताना साधा जस्ताचा पत्रा घेऊ नये. ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि बाकी बहुतांश जस्त असलेल्या मुलाम्यावर रंगाचा थर दिलेला पत्रा खाऱ्या हवेत अधिक टिकतो. तो ग्राइंडरने कापू देऊ नका, कारण ठिणग्यांनी मुलामा जळतो आणि लोखंडाचा कीस पत्र्यावर चिकटून तिथेच गंज धरतो, कात्रीने कापावा.

आंबोळी

आम्ही सिंधुदुर्गात राहतो आणि आमच्याकडे दोन्ही प्रकारची छपरे आहेत, म्हणून आपल्या आईंच्या म्हणण्याला दुजोरा देते. कौल भाजलेल्या मातीचे असते, ते हळूहळू तापते आणि कौलांच्या सांध्यांतून गरम हवा बाहेर पडत राहते. पत्रा सकाळी नऊपासूनच तापू लागतो, आणि आषाढात त्यावर पाऊस कोसळू लागला की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. दिवसभर घरातच असणाऱ्या वयस्क माणसांच्या दृष्टीने या गोष्टी किरकोळ नाहीत.

आमच्या भागात अलीकडे खाली पत्रा, त्यावर रिपा (कौले टेकवायच्या बारीक पट्ट्या) आणि रिपांवर कौले, अशी रचना करतात. वानराने कौल फोडले तरी घरात थेंब पडत नाही, त्यामुळे दुरुस्ती सवडीने करता येते. आपल्याकडची धड असलेली कौले उतरवून, धुऊन पुन्हा वापरता येतील, म्हणजे खर्चही आटोक्यात राहील. माझ्या मते ओटी आणि माजघरावर ही दुहेरी रचना करावी आणि पडवीवर नुसता पत्रा घालावा.

बांधकाम_रत्नागिरी

ही रचना चांगली आहे. मात्र समुद्रकाठी एक अडचण येते. उघड्या पत्र्यावरचे मीठ पावसाने धुऊन जाते, पण कौलांखाली ते पालापाचोळ्यासह साचून ओल धरते आणि पत्रा गंजू लागतो. त्यामुळे उभ्या पट्ट्या उताराच्या दिशेने आधी लावून त्यांवर आडव्या रिपा माराव्यात, म्हणजे पाणी न अडता खाली वाहून जाते. उतार सध्याचाच ठेवावा. दोन फूट आडव्या अंतराला किमान एक फूट चढ हवाच, आणि आपल्याकडच्या पावसात थोडा जास्तच बरा.

प्राणवायू

पडवीवरच्या जुन्या सिमेंट पत्र्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्या काळच्या अशा पत्र्यांत बहुधा अ‍ॅसबेस्टॉस असते, आणि त्याच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी असतो. तो फोडला, कापला किंवा घासला की तंतू हवेत मिसळतात. काढण्यापूर्वी पत्रे पाण्याने भिजवावेत, स्क्रू सोडवून अखंड उतरवावेत, कामगारांना साधा रुमाल न देता धूळ गाळणारे चांगले मास्क द्यावेत आणि त्या दिवशी आईवडिलांना दुसरीकडे ठेवावे. तुकडे अंगणात भरावाला किंवा गोठ्याच्या कुंपणाला मुळीच वापरू नयेत.

जांभाचिरा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुहेरी रचना आईलाही पटली आहे. आता सांगाडा लाकडाचा ठेवावा की लोखंडी पाइपचा, एवढेच ठरायचे आहे. जुने वासे ऐनाचे आहेत आणि त्यांतले काही अजून ठणठणीत आहेत.

बांधकाम_रत्नागिरी

प्रत्येक वासा टोकाशी, म्हणजे जिथे तो भिंतीत शिरतो तिथे, टोचून पाहावा. वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. टोके खराब आणि मधला भाग चांगला असेल, तर ते लाकूड कापून पडवीच्या कमी लांबीसाठी वापरता येईल. मुख्य छपराला लोखंडी पाइप घ्यावेत, त्यांची तोंडे वेल्डिंगने बंद करावीत आणि सांगाडा चढवण्यापूर्वी जमिनीवरच सर्व बाजूंनी गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावेत, कारण वर चढल्यानंतर पत्र्याकडच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही. वेल्डिंगचे सांधे त्यानंतर पुन्हा रंगवून घ्यावेत. काम मार्चअखेर सुरू केले तर मेच्या मध्यापर्यंत आढ्यावरची कौले बसायला हवीत. २०२१ साली तौक्ते वादळ मे महिन्यातच किनाऱ्याजवळून गेले होते.