मदत हवी आहे : ‘प्लेझीर दामूर’ गाताना

संगीतकार मार्टिनीचं १७८४ चं ‘प्लेझीर दामूर’ (प्रेमाचं सुख) हे फ्रेंच गाणं सध्या बसवतेय. शब्द फ्रेंच कवी फ्लोरियाँचे. प्रेमाचं सुख क्षणभर, दुःख मात्र जन्मभर, एवढंच ध्रुवपद, पण जीव अडकतो त्यात. गाण्यातल्या प्रियकराला त्याची सिल्वी सोडून गेलीय, आणि ओढ्याचं पाणी वाहतंय तोवर प्रेम करीन ही तिची जुनी शपथ त्याला आठवते.

अडचण ध्रुवपदाची आहे. ते परत परत येतं, सूर आणि शब्द तेच. पहिल्यांदा मी ते साधं गाते. पण सिल्वीचं कडवं झाल्यावर तसंच गायलं तर खोटं वाटतं, आणि रडवेलं केलं तर चालीचा तोल जातो. चाल मुळात किती शांत आहे! मला वाटतं, दुःख आवाजात न आणता फक्त लय किंचित सैल करावी. तुम्ही काय करता?

दुसरं, ध्रुवपदातल्या ‘वी’ (vie, आयुष्य) या शेवटच्या शब्दातला, बोलताना न उच्चारला जाणारा ‘e’ गाण्यात दुसऱ्या सुरावर येतो. तो किती हलका ठेवायचा?

फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८५९ मध्ये केलेली वाद्यवृंदाची मांडणी कुणी गायली असेल तर जरूर लिहा. माझ्या साथीला मात्र फक्त पियानो आहे, त्यामुळे श्वासाच्या जागा नीट ठरवायला हव्यात.