दस्त्याची चीर आधी, बेडिंग नंतर

माउझर ॲक्शनच्या (गोळी भरून झाडणाऱ्या धातूच्या यंत्रणेच्या) वडिलोपार्जित रायफलच्या दस्त्याला, म्हणजे लाकडी भागाला, मुठीपाशी गेलेली चीर इपॉक्सीने बुजवून त्याच बैठकीत बेडिंगही, म्हणजे ॲक्शन नीट टेकावी म्हणून दस्त्यातल्या तिच्या खाचेत इपॉक्सीचा थर देण्याचे कामही, उरकावे, ही कुणीतरी दिलेली सूचना मला पटत नाही. अशी चीर बहुधा लाकडाच्या वयामुळे पडत नाही; रिकॉइल लग, म्हणजे बाराचा धक्का दस्त्यावर देणारा ॲक्शनखालचा उंचवटा, लाकडाला नीट टेकत नसला, की प्रत्येक बाराला ॲक्शन किंचित मागे सरकते आणि तिचा मागचा निमुळता भाग, म्हणजे टँग, पाचरीसारखा मुठीत घुसतो.

त्यातही आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि चीर मिटल्यासारखी दिसते. मी एकदा नौपाड्यातल्या घरी जुलैत दस्ता चिकटवला होता. डिसेंबरात तो जोडाशेजारीच पुन्हा उलला. शिवाय जुन्या दस्त्यात बंदुकीचे तेल मुरलेले असते, त्यामुळे ॲसिटोनने भिजवलेली पांढरी चिंधी तपकिरी व्हायची थांबेपर्यंत चीर पुसत राहावे. मग पातळ इपॉक्सी आत मुरवून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि किमान एक दिवस हात लावू नये.

बेडिंग करताना धातूला मेण चोळायला विसरू नये, नाहीतर ॲक्शन दस्त्यातच कायमची बसते. लगची फक्त मागची बाजू इपॉक्सीला भिडावी. पुढे, बाजूंना आणि तळाला एकेरी टेप लावून फट ठेवावी. टँगच्या मागेही जाड कागदाएवढी फट हवीच.