मदत हवी आहे: सहावीतल्या भाच्याला ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं वाटतं

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. भाचा सहावीत, मराठी माध्यम. पूर्ण संख्या त्याला पक्क्या येतात. ४०,७०,३०५ मधल्या ७ ची स्थानिक किंमत सत्तर हजार आणि दर्शनी किंमत ७, हे झोपेतही सांगेल. गाडी अडते ती दशांश चिन्हाच्या उजवीकडे. ०.३५ मोठे की ०.४? "०.३५, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे." ३.९ मध्ये ०.१ मिळवले की ३.१०. आणि २.५ गुणिले १० म्हणजे २.५०, कारण दहाने गुणताना शेवटी शून्य द्यायचं असतं ना!

शून्यं लावून दोन्हीकडचे अंक सारखे करायची युक्ती सांगितली की उत्तर बरोबर येतं. पण ०.४ आणि ०.४० सारखे का, असं विचारलं की गप्प. वर त्याचाच उलटा प्रश्न: "डावीकडे एकक, दशक, शतक. मग उजवीकडे एकदम दशांशच कसा? एककांश कुठे गेला?" ह्याला त्याला पटेल असं काय सांगू?

गल्लीतला_अंपायर:
पोरगं क्रिकेट बघतं का? ४.५ षटकं म्हणजे चार षटकं पाच चेंडू, एकूण २९ चेंडू. खरी साडेचार षटकं २७ चेंडूंची, आणि फलकावर ती ४.३ दिसतात. तिथलं टिंब फक्त षटकं आणि चेंडू वेगळे दाखवतं. पाच फूट सहा इंच उंची लोक ५.६ लिहितात, तीही त्यातलीच. ही टिंबं आणि गणितातलं टिंब वेगळं, हे आधी सांगून टाका.

पाटीपेन्सिल:
बघतो कसला, दिवसभर तेच चालू असतं घरात! ३.१० तिथूनच आलं असणार.

खडूवाला:
एककांशाचा प्रश्न फार चांगला आहे, त्याला शाबासकी द्या. एककाचा एक भाग केला तर एककच उरतो, म्हणून वेगळं घर लागत नाही. मुलं टिंबाला मधोमध धरतात आणि दोन्ही बाजू जुळवायला जातात. मध्यभागी एकक असतो. त्याच्या एका बाजूला दशक, दुसऱ्या बाजूला दशांश. मग शतक-शतांश, हजार-सहस्रांश. टिंब फक्त एकक कुठे संपला ते दाखवतं. डावीकडून उजवीकडे येताना प्रत्येक घराची किंमत दहावा हिस्सा होते, हे त्याला येतंच. एककापाशी तो नियम थांबत नाही, एवढंच नवीन.

आता आलेखाचा कागद घ्या. १० बाय १० चौकटींचा मोठा चौरस म्हणजे १. उभी पट्टी म्हणजे दशांश, एक चौकट म्हणजे शतांश. ०.३५ रंगवायला तीन पट्ट्या आणि पाच सुट्या चौकटी, ०.४ ला चार पट्ट्या. ०.४० मध्येही चारच पट्ट्या, सुटी चौकट एकही नाही. सांगायचं काही उरत नाही. २.५ ची दहापटही अशीच करा: दोन चौरसांचे वीस, पाच पट्ट्यांच्या पन्नास पट्ट्या म्हणजे पाच चौरस, झाले २५. प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो. पूर्ण संख्येत एककाचं घर रिकामं होतं म्हणून तिथे शून्य येतो. इथे ५ येऊन बसला.

काही दिवस "पॉइंट पस्तीस" बंद. तीन दशांश पाच शतांश, असंच वाचून घ्या.

सव्वाशेर:
एवढं कशाला? वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाव किलो ०.२५०, अर्धा ०.५००, पन्नास ग्रॅम ०.०५०. रोज दिसतं.

खडूवाला:
काटा चांगला, पण आधी कागद. काट्यावर कायम तीन अंक असतात, त्यामुळे मूल २५० आणि ५०० अशा ग्रॅमच्या पूर्ण संख्याच वाचतं आणि घोळ झाकला जातो.

पाटीपेन्सिल:
कागद काल रंगवला. ०.४० पटलं! आज विचारतो, ०.३ आणि ०.४ च्या मध्ये काही असतं का?

खडूवाला:
षटकांत नसतं: १५.३ नंतर थेट १५.४. इथे चौथ्या पट्टीच्या चौकटी एकेक रंगवू द्या, ०.३१ ते ०.३९ त्यालाच सापडतील. मग एक चौकट मोठी काढून तिचे दहा भाग करा, ते सहस्रांश. ते झालं की ०.५०९, ०.६, ०.०९९ आणि ०.५१ चढत्या क्रमाने लावायला द्या. बरोबर की चूक ते लगेच सांगू नका, कोणतं घर आधी पाहिलं ते विचारा.