साडी नेसलेला पुरुष : हसू साडीचं की प्रसंगाचं?

माजघर
गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत मुलांचा कार्यक्रम होता. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आईची साडी गुंडाळून, पदराखाली उशी खोचून स्टेजवर आला. त्यानं तोंड उघडायच्या आधीच हशा पिकला. मग तो वाक्यच विसरला. नुसता कंबर हलवत उभा राहिला, तरी टाळ्या काही थांबेनात. वाक्य राहिलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ची. मी ती किती वेळा पाहिली याचा हिशोब नाही आणि अजूनही हसते. पण तिथे साडी हा विनोद नाही, ती अडचण आहे. लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून दोघांना बायका व्हावं लागतं. पुण्यात डोक्यावर छप्पर नसलेल्या चार पोरांची ती गरज आहे. 'हा माझा बायको पार्वती' म्हणताना अशोक सराफांची जीभ घसरते, ती घाबरलेल्या माणसाची. आपण त्या भीतीला हसतो. पकडले गेले तर सामान रस्त्यावर येणार, हे आपल्यालाही माहीत असतं.

टीव्हीवरच्या स्किटमध्ये पुरुष साडी नेसून का आलाय, हे कुणी सांगत नाही. तो आला की हसायचं, एवढंच ठरलेलं. मला हा आळशी विनोद वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

अटकेपार
अजिबात पटलं नाही. बाबा गेले त्या वर्षी आई दोन महिने जेवणापुरतं बोलायची. एका सोमवारी 'चला हवा येऊ द्या' लागलं होतं. भाऊ कदम नऊवारीत आले, काही न बोलता नुसते कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले आणि आई खुदकन हसली. मी स्वयंपाकघरात होतो, धावत बाहेर आलो. त्या हसण्याला आळशी म्हणायची माझी तयारी नाही.

आणि कारण लागतंच असं कुठे आहे? भाऊंच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळलेला भाव हाच प्रसंग आहे. तो साडीतही असतो आणि शर्टातही.

तिसरी घंटा
अटकेपार, तुमच्या आईंबद्दल वाचून गलबललं. पण तुम्ही माजघर यांचाच मुद्दा मांडलात. आई भाऊ कदमांना हसल्या, साडीला नाही.

मी हौशी रंगभूमीवर वीसेक वर्षं आहे. विजय चव्हाणांची 'मोरूची मावशी' दोनदा पाहिली. अत्र्यांचं हे नाटक ज्या इंग्रजी नाटकावर बेतलंय ते १८९२चं, म्हणजे ही युक्ती जुनीच. पण चव्हाणांची मावशी बसायची कशी, ते आठवा. आधी पदर सावरायचा, मग खुर्ची चाचपायची आणि शेवटच्या क्षणी आतला पुरुष गुडघे फाकवून बसायचा. लगेच आठवण व्हायची, गुडघे जुळायचे. एका बसण्यात दोन माणसं दिसायची. ही तालमीतून येणारी गोष्ट आहे.

मात्र टीव्हीवाल्यांची बाजूही घ्यायला हवी. नाटकाला महिनाभर तालीम मिळते. आठवड्याला दोन-दोन भाग द्यायचे असतील तर लेखक हमखास हशा मिळेल तिथेच हात घालणार. हा दोष नटांचा नाही, त्या रतीबाचा आहे.

पेटारा
मी कुडाळकडचा. आमच्याकडे जत्रेत दशावतार रात्रभर चालतो आणि राणी, द्रौपदी, तारामती सगळ्या पुरुषच करतात. लहानपणी आम्ही देवळामागे रंगपटात डोकावायचो. सकाळी शेतात दिसलेला माणूस पेटाऱ्यावर आरसा टेकवून स्वतःच भुवई कोरत बसलेला असायचा. त्याच्या पायाला चिखलाच्या भेगा. तोच तासाभरानं तारामती होऊन रडायचा, तेव्हा माझी आजी पदरानं डोळे पुसायची. कुणी फिदीफिदी हसलेलं मला आठवत नाही.

म्हणून बाईचा वेश म्हणजे आपोआप विनोद, हे मला आपलं वाटतच नाही. बालगंधर्वांच्या साड्या बघून घरच्या बायका तशा नेसायला लागल्या, अशी आपली परंपरा.

अटकेपार
परंपरेचीच गोष्ट काढलीत तर तमाशातली मावशी विसरू नका. गवळणीत ती पुरुषच करतो आणि हसवायलाच करतो. तीही आपलीच.

पेटारा
मान्य. पण ती मावशी कृष्णाला जाब विचारते. तिच्या तोंडाला धार असते. तिला तुम्ही हसत नाही, तिच्याबरोबर हसता.

उंबरठा
इतक्या प्रतिक्रिया झाल्या, पण बायकांच्या कामाबद्दल एक ओळ नाही. 'हवा येऊ द्या'च्या मुख्य चमूत कितीतरी वर्षं श्रेया बुगडे जवळजवळ एकटी होती. बाकीच्या बायका पुरुष करत होते. 'हास्यजत्रे'त विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात आल्या तेव्हा बाईच्या तोंडी बाईचा विनोद आला. नम्रताची लॉली बघा. आवाज, मान, चालणं सगळं नव्यानं घडवलेलं. ते काम पुरुषाला साडी नेसवून झालं नसतं. माझं भांडण साडीशी नाही, हुकलेल्या भूमिकांशी आहे.

आणि 'बनवाबनवी'ला इतकं सोवळ्यात ठेवू नका. त्यातल्या चारही नायिकांच्या वाट्याला विनोद किती आला? अश्विनी भावेंची लिंबू कलरची साडी लक्षात राहिली, बाकी सगळं हसू पुरुषांनी वाटून घेतलं.

माजघर
उंबरठा, हे खरं आहे आणि मी ते पाहिलं नव्हतं. पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग मला फार आवडतो. लक्ष्मीकांत बेर्डे त्यात आधी लाजतात, मग खरोखरच कौतुकात रमतात. आज पुन्हा लावला तेव्हा भोवतीच्या बायकांकडे बघितलं. त्या फक्त गाण्यापुरत्या आहेत.

तरी आळशी हा शब्द मी मागे घेत नाही. अटकेपार, तुमच्या आईंसाठी नाही, पण उशी खोचून मोकळ्या होणाऱ्या लिखाणासाठी तो राहू द्या.

अटकेपार
राहू द्या. एक विचारतो, त्या मुलाचं विसरलेलं वाक्य काय होतं?

माजघर
आज त्याच्या आईला विचारलं. तो भाजीवालीशी घासाघीस करणारी बाई झाला होता. महिनाभर रोज रात्री पाठ करत होता, "कोथिंबीर काय सोन्याच्या तारेनं बांधलीयेस गं?" स्वतःच रचलेलं. आम्ही आधीच हसलो नसतो तर त्याला आठवलं असतं, असं त्याची आई म्हणाली.