जपानी खाऊचा बॉक्स घ्यावा का? आणि त्यातून निघालेला हलवा

प्रेषक: मेधा (बेलव्ह्यू, सिअॅटलजवळ)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या फराळाला जमलो होतो तेव्हा तीन-चार जणींनी विचारलं होतं, दर महिन्याला जपानहून येणारा तो खाऊचा बॉक्स कसा आहे, मुलांसाठी घ्यावा का. तिथल्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. आम्ही तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं. तिसरा बॉक्स गेल्या आठवड्यात आला.

एका बॉक्समधून वीसेक पुड्या निघतात. तांदळाच्या खारट चकत्या, मक्याच्या कुरकुरीत नळ्या, चघळायच्या गोळ्या, माचाचं, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचं, हिरवं किटकॅट. निम्मं मुलांना आवडलं, निम्मं मोठ्यांना. शेवाळ लावलेली चकती माझ्या लेकाने एक घास खाऊन परत ठेवली, पण सासूबाईंनी ते अख्खं पाकीट दोन दिवसांत चहाबरोबर संपवलं. किटकॅटच्या छोट्या पाकिटामागे काहीतरी लिहायला जागा सोडलेली असते. जपानीत ‘कित्तो कात्सु’ म्हणजे ‘नक्की जिंकशील’. किटकॅटचा तिथला उच्चार याच्या जवळ जातो, म्हणून परीक्षेला निघालेल्या मुलाला ते देतात. आपण हातावर दही-साखर ठेवतो तसंच. हे वाचून लेकाने आपल्या मित्रासाठी एक बाजूला काढून ठेवलं, त्याची बुद्धिबळाची स्पर्धा होती.

एका बॉक्समध्ये तांदळाची गोळी होती, चिकट, संत्र्याच्या वासाची. तिला पातळ पारदर्शक कागद चिकटलेला. लेक नखाने तो सोलत बसला होता, निघता निघेना. मग पाकिटावरचं चित्र पाहिलं तेव्हा कळलं की तो कागदही खायचा. स्टार्चचा असतो, जिभेवर ठेवला की विरघळतो. जपानमध्ये कडू औषधाची पूड याच कागदात गुंडाळून गिळत असत. त्या दिवशी त्याने आधी कागद आणि मग गोळी अशा चार गोळ्या खाल्ल्या.

पण मला खरं लिहायचंय ते ऑक्टोबरच्या बॉक्सबद्दल. त्यात बोटभर पुडीत पांढरे, गुलाबी, पिवळे, हिरवे साखरेचे दाणे होते. ‘कोम्पेइतो’. सासूबाई सांगलीहून आल्यात. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, चष्मा लावला, खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “अगं, हा तर हलवा आहे! काटा बघ किती सुटा आलाय.” मग त्यांनी सुपारीचा अडकित्ता आणला आणि आत तीळ आहे की खसखस हे बघायला एक दाणा कातरला. आत काहीच नव्हतं, नुसती साखर. दुसराही कातरून पाहिला. संध्याकाळभर त्या एकच विचारत होत्या, हे त्यांच्याकडे कुणी शिकवलं?

आता तक्रार. बॉक्स मागवताना आम्ही शाकाहारी आहोत असं स्पष्ट कळवलं होतं, त्यांनी मान्यही केलं होतं. तरी पहिल्याच बॉक्समध्ये जिलेटिनच्या (ते प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून करतात) गोळ्या निघाल्या, आणि मला कळेपर्यंत त्या मुलांच्या पोटात गेल्या होत्या. सासूबाईंच्या ताटलीत गेल्या नाहीत एवढंच समाधान. मला याचं फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. पाकिटं नीट वाचायची कशी, हे कुणी सांगू शकेल का?

मेधा

—

प्रेषक: समीर (रेडमंड)

मेधाताई,

मी आठ वर्षं तोक्योत निशी-कासाईला होतो. त्या भागात आपली भरपूर वस्ती आहे, आणि तिथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला शेजारचा कुणीतरी आधी पाकीट वाचायला शिकवतो. तेच इथे लिहितो.

पाकिटामागे बहुतेक वेळा अॅलर्जीचा तक्ता असतो. पण नुसत्या तक्त्यावर विसंबू नका. अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा हे छापणं सक्तीचं आहे. जिलेटिन, डुकराचं मांस, गोमांस, कोंबडी हे फक्त शिफारशीच्या यादीत येतं, म्हणजे कंपनी ते छापेलच असं नाही. आणि कात्सुओ, म्हणजे ज्याच्या सुक्या किसापासून तिथला रोजचा ‘दाशी’ (सूप-रश्शात घालायचं पाणी) होतो तो मासा, या दोन्ही याद्यांत नाही. त्यामुळे तक्ता कोरा दिसला तरी माशाचा अर्क असू शकतो. फोनचा कॅमेरा घटकपदार्थांच्या ओळीवर धरा आणि चार शब्द शोधा: झेराचिन (जिलेटिन), बुता (डुक्कर), चिकिन आणि कात्सुओ. पुढे ‘एकिसु’ आलं की तो अर्क. सगळ्यात जास्त फसवतो तो खारट खाऊ. गोड खाऊत जिलेटिन पाहिलं की पुष्कळसं काम होतं. मक्याच्या नळ्यांवर कॉर्न किंवा चीज लिहिलेलं असलं तरी मसाल्यात मांसाचा अर्क असू शकतो, आणि ‘मेंताइको’ लिहिलं असेल तर ती माशाची तिखट अंडी.

त्या नळ्या म्हणजे ‘उमाइबो’. १९७९ पासून त्या १० येनला मिळत होत्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये १२ येन झाल्या तेव्हा त्याची बातमी झाली होती. २०२४ मध्ये १५ झाल्या. शाळेतून सुटलेली पोरं हातातली नाणी मोजत दुकानात उभी असायची, ते बघायला मला फार आवडायचं.

शाकाहारी माणसाला जपानी गोडात खरा आधार आहे ‘कांतेन’चा, म्हणजे आपलं चायना ग्रास. ते समुद्री शेवाळाचं. लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण त्यात घालून थिजवलं की ‘योकान’ होतं. सासूबाईंना ते नक्की द्या.

आता हलवा. कोम्पेइतो हा शब्द मुळात पोर्तुगीज, ‘कॉन्फेइतो’. लुईश फ्रोइश नावाच्या जेझुइट पाद्र्याने १५६९ मध्ये क्योतोत ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला हे दाणे काचेच्या बाटलीत घालून भेट दिले. हा फ्रोइश जपानला गेला तो गोव्याहून. तो १५४८ मध्ये गोव्यात आला, तिथेच शिकला, १५६१ मध्ये तिथेच त्याला पाद्रीपणाची दीक्षा मिळाली आणि १५६३ मध्ये जपानला पोहोचला. तेव्हा सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर पोर्तुगीज असं आहे, आणि त्या वाटेवरचा मोठा मुक्काम आपला गोवा.

क्योतोत १८४७ पासून फक्त कोम्पेइतोच करणारं एक घराणं आहे, र्योकुजुआन शिमिझु. तिरपी ठेवलेली मोठी लोखंडी कढई खालून तापवतात, ती सावकाश फिरत राहते, दाणे घरंगळत राहतात आणि वर डावाने थोडा थोडा पाक पडतो. एका घाण्याला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. दाणे घरंगळण्याच्या आवाजावरून कारागीर पाक घालायची वेळ ओळखतात. काटा येतो कारण जिथे बारीकसा उंचवटा झाला तिथेच पुढचा पाक आधी लागतो आणि आधी सुकतो, म्हणून उंचवटा वाढतच जातो. तेरादा तोराहिको या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला या काट्यांचं मोठं कुतूहल होतं.

समीर

—

प्रेषक: शुभदाकाकू (केंट)

चि. मेधा आणि समीर,

तुमची पत्रं दोनदा वाचली. समीर, तू त्या कढईचं लिहिलंस ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आईची परात आली.

आमच्याकडे साताऱ्याला पौष महिन्यात आई पहाटे चारला उठायची. थंडी जितकी कोरडी तितका काटा चांगला. आभाळ भरून आलं की त्या दिवशी हलवा बंद. शेगडीत निखारे अगदी मंद, वर परात, परातीत तीळ किंवा खसखस. वाटीभर साखरेला अर्धी वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची, मग गाळायचं. पाक एकतारीच्या जरा अलीकडचा हवा. एका वेळी एकच चमचा घालायचा आणि बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने परातभर फिरवत राहायचं, दाणे सुटे होऊन कोरडे वाजायला लागेपर्यंत. मग दुसरा चमचा. आईसुद्धा आवाजावरूनच ओळखायची, बघ. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, जोर दिला की आलेला काटा मोडतो. पहिले दोन दिवस नुसते गुळगुळीत गोळे दिसतात आणि सगळी मेहनत वाया गेली असं वाटतं. तिसऱ्या दिवशी काटा फुटतो. आईच्या उजव्या हाताची पेरं संक्रांतीपर्यंत लाल असायची. माझ्या थोरल्या मुलाच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे सगळे दागिने तिने घरी केले होते, मुकुट, बासरी, बाजूबंद, सगळे.

इथे आल्यापासून मी बाहेरचाच हलवा आणते. बाहेर सतत पाऊस, म्हणून कधी करून पाहिला नाही. पण हिटर चालू असला की घरातली हवा किती कोरडी होते, ओठ फुटतात. त्या खोलीत काटा येईल असं मला वाटतं. करून बघूया का?

शुभदाकाकू

—

प्रेषक: निखिल (सिअॅटल)

मेधाताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल थोडक्यात. पूर्वी ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलवर इथे कस्टम्स ड्युटी लागत नसे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. म्हणून बॉक्स घेताना ड्युटी किमतीत धरलेली आहे की दारात द्यावी लागेल, हे आधी विचारून घ्या. आमच्या ओळखीत एकांचा बॉक्स महिनाभर अडकला होता.

आपल्याकडे उवाजिमाया हे जपानी किराणा दुकान आहे हे विसरू नका. १९२८ मध्ये टकोमात फुजिमात्सु मोरिगुची यांनी ट्रकमधून माशाचे पदार्थ विकत सुरू केलेलं हे दुकान. दुसऱ्या महायुद्धात इथल्या इतर जपान्यांसारखं त्या कुटुंबालाही छावणीत डांबलं गेलं, सुटल्यावर त्यांनी सिअॅटलमध्ये पुन्हा दुकान थाटलं. मी मुलींना तिथे नेतो तेव्हा हे सांगतो. खाऊच्या रांगेत प्रत्येकीने एकच पुडी निवडायची आणि ती आपण तिथेच उभं राहून वाचायची, असं ठरवलंय. सात वर्षांची धाकटी आता ‘झेराचिन’ची अक्षरं स्वतः ओळखते.

निखिल

—

प्रेषक: मेधा

काकू, समीर, निखिल, मनापासून आभार. काकूंचं पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. “तिसऱ्या दिवशी काटा फुटतो” इथे त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. गोव्याचं ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “म्हणजे आपल्याच अंगणातून गेला की.”

ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी माझं मत: एक बॉक्स जरूर मागवा, सगळ्यांनी मिळून उघडा, एकेक पुडी वाचा. दर महिन्याला घ्यायची गरज नाही. शाकाहारी घरात तर तो मुलांच्या हातात थेट देऊच नका. आम्ही पुढचे महिने घेत नाही, निखिलसारखं महिन्यातून एकदा दुकानात जाऊ.

आणि हलवा करायचाच. संक्रांत १४ जानेवारीला आहे, म्हणून शनिवार १० तारखेपासून तीन दिवस आमच्या घरी. तळघरातली खोली हिटरमुळे सगळ्यात कोरडी असते, तिथे दोन इलेक्ट्रिक शेगड्या मांडते. तीळ, खसखस आणि साखर मी आणते. पहाटेची पाळी सासूबाई आणि शुभदाकाकूंची. बाकीच्यांनी दोन-दोन तास वाटून घ्या, मुलांनाही एकेक चमचा पाक घालू द्यायचाय. समीर, उरलेली कोम्पेइतोची पुडी मी जपून ठेवलीय. हळदीकुंकवाला आपला हलवा आणि ती शेजारी शेजारी ठेवू, तू फ्रोइशबद्दल सांग.

एकच अडचण आहे. इथल्या स्टीलच्या पराती फार पातळ आहेत, फक्त मधोमध तापतात. कुणाकडे जाड बुडाची पितळी, कल्हई केलेली परात असेल तर ९ तारखेपर्यंत कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

मेधा