आधी पीएफ, मग पॉवरपॉइंट

पगारपत्रक, पीएफ, हजेरी असली 'कारकुनी' बाहेर देऊन टाकावी आणि एचआरने फक्त धोरणात लक्ष घालावं, असा सल्ला एका पोस्टमध्ये वाचला. निम्मा पटला. उरलेल्याबद्दल थोडं.

चाकणला एका कारखान्यात असताना आम्ही हेच केलं होतं. एजन्सी 15 तारखेच्या आत पीएफचा भरणा बिनचूक करायची, तक्रार नाही. पण एका दुपारी प्रेस शॉपमधले (पत्रे दाबून भाग बनवणाऱ्या विभागातले) एक काका कॅरीबॅगमध्ये आधारच्या झेरॉक्स घेऊन टेबलाशी उभे. आधारवर एक नाव, यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) दुसरं, एका अक्षराचा फरक. मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढायला टाकलेला क्लेम परत आलेला. "मॅडम, लग्न वीस दिवसांवर आलंय." एजन्सीचं उत्तर: हे आमच्या कामात येत नाही. आणि मी त्याच वेळी 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'च्या स्लाइड्स रंगवत होते! जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनीने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज, भरायला बसले तेव्हा कळलं, असे आणखी बरेच जण आहेत.

दुसरं म्हणजे हजेरी. सेकंड शिफ्टची नवी पोरं दोन-तीन महिन्यांत का सोडतात, हे कुठल्याही सर्व्हेत आलं नव्हतं. पंचिंगचा डेटा स्वतः चाळला तेव्हा दिसलं, गळती एकाच बसरूटची. रात्रीची बस हायवेलाच सोडायची, पुढे अंधारात पायपीट.

म्हणून डेटा एंट्री खुशाल बाहेर द्या, पण कामगार तक्रार घेऊन येतो ती खिडकी आपल्याकडेच ठेवा. मी महिन्याच्या 1 ते 15 तारखेत पगार, भरणा आणि तक्रारी घेते, भरतीचं नियोजन आणि ट्रेनिंग त्यानंतर. साहेबांना पहिल्या पंधरवड्यात मीटिंग लावू नका हे पटवायला मात्र वर्ष गेलं.