नांदूर मधमेश्वर : पाणकणसांवरून कमी उंचीवर फिरणारा गडद शिकारी पक्षी कोणता असावा?

प्रश्न – सिन्नरवासी

नमस्कार. डिसेंबरअखेरीस आम्ही कुटुंबीय पहाटे निफाड तालुक्यातील चापडगावच्या बाजूने नांदूर मधमेश्वर अभयारण्यात गेलो होतो. बदके आणि करकोचे पाहावेत एवढ्याच हेतूने गेलो असलो, तरी लक्ष वेधून घेतले ते शिकारी पक्ष्यांनी. सूर्य वर येण्याच्या सुमारास एक गडद तपकिरी, घारीएवढा वाटणारा पक्षी पाणकणसांच्या शेंड्यांवरून अगदी कमी उंचीवर संथपणे फिरत होता. त्याचे डोके मात्र फिकट, जवळजवळ मलईच्या रंगाचे होते. तो जवळ येताच इतका वेळ विखरून चरणारे वारकरी पक्षी झपाट्याने एकमेकांना खेटून पाण्यावर दाट गोळा झाले, आणि तो पुढे गेल्यावर पुन्हा पांगले. आमच्यापैकी काहींनी त्याला घार ठरवले, परंतु डोक्यावरून घारी गेल्या तेव्हा त्याच वारकऱ्यांनी मानही वर केली नव्हती. नंतर पाण्यातील एका वाळलेल्या खोडावर पोटाकडे पांढरा आणि डोळ्यावरून काळी पट्टी असलेला दुसरा एक मोठा पक्षी मासा फाडत बसलेला दिसला. हे दोन्ही पक्षी कोणते असावेत, आणि केवळ शिकारी पक्षी पाहायचे असतील तर सकाळची कोणती वेळ योग्य, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – गोदाकाठ

आपण केलेले वर्णन मार्श हॅरियरच्या, म्हणजे दलदली भोवत्याच्या मादीशी पूर्णपणे जुळते. अर्थात पहिल्या वर्षाचे पिल्लूही बरेचसे असेच दिसते, त्यामुळे फोटो असल्यास जरूर टाकावा. नर वेगळा ओळखू येतो, कारण त्याच्या तपकिरी अंगावर पंखांचा मधला भाग राखाडी आणि टोके काळी असतात. घारीपासून वेगळे ओळखायला रंगापेक्षा उडण्याची ढब अधिक उपयोगी पडते. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि ती उडताना शेपटी सतत पिळत वळणे घेते, तर भोवत्याची शेपटी लांब आणि टोकाला गोलसर असते, आणि तरंगताना त्याचे पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे किंचित वर उचललेले राहतात. कमरेवर पांढरा पट्टा दिसला नसेल तर गवताळ माळावर दिसणाऱ्या इतर भोवत्यांच्या माद्याही आपोआप बाद होतात.

वारकऱ्यांचे गोळा होणे ही आपल्या निरीक्षणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मला वाटते. भोवत्या उंचावरून सूर मारणारा शिकारी नव्हे. तो पाणकणसे आणि लव्हाळ्यांचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत विंचरत जातो, मध्येच जागच्या जागी थबकतो आणि लांब पाय खाली सोडून गवतात उतरतो. बेडूक, उंदीर, पिल्ले, आजारी पक्षी असे जे गाफील सापडेल ते त्याचे भक्ष्य. वारकरी एकटा सापडला तर तो त्याच्यावर वारंवार झेप घेऊन त्याला बुडी मारायला लावतो आणि दमवतो. दाट थव्यातून मात्र एक पक्षी वेगळा काढणे त्याला अवघड जाते. घार शक्यतो मेलेले मासे आणि उष्टेखरकटे उचलते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे वारकऱ्यांना परवडते. पाण्यावरच्या पक्ष्यांकडे पाहत राहिल्यास शिकारी आपल्याला दिसण्याआधीच त्याची चाहूल लागते.

खोडावरचा पक्षी ऑस्प्रे. भोवत्याप्रमाणेच हाही हिवाळी पाहुणा असून जवळजवळ केवळ माशांवर जगतो. त्याचे बाहेरचे बोट मागे वळवता येते आणि तळव्यांवर काटेरी खवले असतात, त्यामुळे निसटता मासाही पक्का धरला जातो. पुढच्या वेळी तो मासा घेऊन उडताना दिसला तर नीट पाहावे : माशाचे डोके बहुधा पुढच्या दिशेला वळवलेले असते, कारण तसे धरल्याने हवेचा विरोध कमी होतो.

वेळेबाबत म्हणाल तर उजाडण्यापूर्वी पोहोचावे. भोवते रात्री गवतात किंवा पाणकणसांत जमिनीलगतच मुक्काम करतात आणि फटफटताच तेथून निघतात.

उत्तर – माळरान

भोवत्यांपुरते वरील मत मला मान्य आहे, परंतु केवळ पहाटेवर भिस्त ठेवून आठ-साडेआठला परत फिरणाऱ्यांचा अर्धा कार्यक्रम बुडतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भोवत्या हलक्या अंगाचा असल्याने थंड हवेतही संथ पंख मारत फिरू शकतो. जड गरुडांना ते परवडत नाही. जमीन तापून वर चढणारे हवेचे झोत तयार होईपर्यंत ते बाभळीवर किंवा बांधावर ढिम्म बसून राहतात, आणि निफाडच्या थंडीत हे झोत सुरू व्हायला नऊ-साडेनऊ सहज होतात. धुके असेल तर आणखी उशीर. तोवर गावात चहा घेऊन यावे, काही चुकत नाही.

त्यानंतर आकाशाकडे पाहावे. मोठा ठिपकेदार गरुड हा पाणथळीचाच गरुड आहे आणि जागतिक पातळीवर त्याची गणना असुरक्षित प्रजातींत होते. गडद अंग, रुंद पंख आणि आखूड शेपटी या ठेवणीमुळे तो घारींच्या घोळक्यातही वेगळा उठून दिसतो, आणि अल्पवयीन पक्ष्याच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. बूटेड गरुडाचा गडद प्रकार मात्र घारीशी फार घोटाळा करतो. तो समोरून येत असेल तर मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पंख अंगाला मिळतात तिथे, दोन पांढरे ठिपके दिसतात का ते पाहावे. चिखलावरचे सगळे तुतवार (चिखलात चरणारे लहान पाणपक्षी) अचानक एकाच घट्ट थव्याने उठून वळसे घेऊ लागले, तर बहिरी ससाणा शोधायला हरकत नाही.

प्रश्नकर्ता – सिन्नरवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कमरेवर पांढरा पट्टा नक्कीच नव्हता. आणखी एक शंका : आमचे शेजारी जानेवारीत त्याच जागी गेले, तर त्यांना चिखलाचा पट्टाच दिसला नाही आणि शिकारी पक्षीही तुरळकच होते. असे का होत असावे?

उत्तर – कालवा

याचे कारण बहुधा पाण्याची पातळी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बांधला गेला, आणि वर्षानुवर्षे साचलेल्या गाळामुळे येथे उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पतींचे पट्टे तयार झाले. पक्षी आले ते त्यानंतर. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून हे ठिकाण 2020 मध्ये जाहीर झाले असले, तरी बंधाऱ्याचे मूळ काम आजही चालूच आहे. दारणा आणि गंगापूर धरणांतून सोडलेले पाणी येथे येते आणि येथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत जाते. आवर्तनाच्या काळात, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक दिवस पाणी सोडले जाते तेव्हा, पातळी चढली की चिखल बुडतो, तुतवार आणि चरणारी बदके दुसरीकडे सरकतात आणि त्यांच्यामागून शिकारीही जागा बदलतात. ते नाहीसे होतात असे नव्हे. अनेकदा एखाद्या मैलावर, कोठुरे किंवा मांजरगावच्या बाजूला, उथळ पाणी शिल्लक असते आणि सारी वर्दळ तिकडे असते.

म्हणून निघण्यापूर्वी आवर्तन चालू आहे का, याची चौकशी करावी आणि चापडगावला पोहोचल्यावर स्थानिक गाइडना पाणी सध्या कुठे उथळ आहे एवढे विचारावे. शिकारी पक्ष्यांचा पत्ता त्यांना आपसूक ठाऊक असतो. मनोऱ्यावर जागा घेताना सूर्य पाठीशी राहील असे पाहावे, कारण उजेडाकडे तोंड करून पाहिल्यास सगळेच भोवते काळे दिसतात आणि मलईरंगी डोक्याची खूण हातची जाते. ड्रोन किंवा मोठा आवाज यांनी वारकऱ्यांना उठवण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, कारण त्यानंतर बराच वेळ पक्षी कोणाला घाबरून गोळा झाले आहेत हे ओळखण्याची सोय उरत नाही.